झिजणारा रंग

हेडक्लार्कांच्या घरातल्या सोफ्याला कव्हर होतं. कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर होती, आणि चादर चुरगळू नये म्हणून सोफ्यावर कुणी बसायचं नाही असा घरचा कायदा होता. खाली सोफ्याचा मूळ रंग कोणता, यावर नवराबायकोत बावीस वर्षं वाद चालू होता. ते म्हणत कॉफी, बायको म्हणे हिरवा. कव्हर काढून एकदा बघून घ्यावं, तर ते काढू देत नसत. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता. पिशवीवरून बटणं दिसत नसत, त्यामुळे घरात बातम्या सोडून दुसरं काही लागत नसे. ऑफिसातल्या खुर्चीवर त्यांनी टॉवेल टाकला होता, आणि टॉवेलवर कालचं वर्तमानपत्र. माणूस वाईट नव्हता हो. फक्त कुठलीही वस्तू झिजताना त्यांना बघवत नसे. अशा माणसाच्या हाती नाव द्यायची नसते. पण दिली गेली, त्याला आपण काय करणार!

नाव सासऱ्यांची. लाकडी, दोन वल्ह्यांची, दाटीवाटीने चौघं बसतील एवढी. हेडक्लार्कांची बायको सातव्या वर्षी त्याच नावेत वल्हवायला शिकली होती. आता सासरे पंचाऐंशीला टेकले, गुडघ्यांनी राम म्हटला, तेव्हा त्यांनी एका रविवारी दोन्ही मुलींना आणि दोन्ही जावयांना बोलावून घेतलं. धाकटे जावई, म्हणजे हेडक्लार्कांचे साडू, बांधकामाचे कंत्राटदार. हा माणूस प्रश्न विचारायच्या आत उत्तर देतो.

"बाबा, नाव मला द्या," साडू म्हणाले. "बंगल्याच्या पुढे ठेवतो. आत माती भरायची, ओळीने कुंड्या, वरून दिव्यांची माळ. लोक थांबून थांबून फोटो काढतील."

हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला होता. बावीस वर्षांत तिने नवऱ्याकडे असं काही मागितलं नव्हतं, आताही मागत नव्हती, आणि तेच त्यांना सहन होईना. मग त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "नाव आम्ही नेतो. तिचा तळ मी स्वतः रंगवीन."

"स्वतः?" सासरे म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण त्या एका शब्दात त्यांनी जावयाची जी काय किंमत करायची ती करून टाकली. नुसता बल्ब बदलायचा तरी स्टुलावर चढण्याआधी हेडक्लार्क मेन स्विच बंद करून शेजाऱ्यांना सांगून येत, हे सासऱ्यांना ठाऊक होतं.

"ठीक आहे जावईबापू. चार महिन्यांनी माझा वाढदिवस. त्या दिवशी मी नावेत बसून पुलापर्यंत जाऊन येणार. नीट चालली तर नाव तुमची. नाही चालली तर कुंड्या." असं म्हणून सासऱ्यांनी त्यांना निळ्या दारापर्यंत पोचवलं आणि पाठीवर थाप मारली. थाप शाबासकीची होती की सांत्वनाची, हे हेडक्लार्कांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

नदीकाठी एक सुतार होता. नावा दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. त्याने रुळांवरून नाव काठावर ओढून घेतली, उलटी केली, आणि हेडक्लार्कांचे डोळे पांढरे झाले. तळाला वीतभर लांब, बुळबुळीत, हिरवीगार दाढी.

"शेवाळ," सुतार म्हणाला. "हे खालून धरून ठेवतं. नाव मग चालत नाही, नुसती कण्हते. सगळं खरवडा, कोरडं करा, आणि शेवाळ न धरणारा रंग लावा. आणि घासताना पाणी लावून घासा. जुन्या रंगाची धूळ विषारी असते."

इथवर ठीक होतं. पण हेडक्लार्क राहत त्या इमारतीत बातमी पोचायला जिना लागत नाही. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर संध्याकाळी खाली आले. त्यांना नाव कळत नव्हती, पण खरवडणं कळत होतं. "लाकूड काय आणि दात काय, कीटण ते कीटणच," असं म्हणत त्यांनी मास्क दिला आणि आपली बाद झालेली दोन हत्यारंही दिली. बँकेतल्या कॅशियरने आयुष्यात नदी फक्त पुलावरून पाहिली होती. तो म्हणाला, "रंगाच्या भानगडीत पडूच नका. खालून प्लास्टिक गुंडाळा, वरून चिकटपट्टी. दर वर्षी बदलायचं." लोक हसले. हेडक्लार्क हसले नाहीत. ती सूचना त्यांनी दोन दिवस मनात घोळवली.

आता रंग निवडायचा. रंगाच्या दुकानात दोन प्रकारचे डबे होते. एक कडक रंग. लावला की दगडासारखा बसतो, पाच वर्षं हलत नाही, असं डब्यावरच छापलेलं. दुसरा मऊ रंग, विटकरी लाल. हेडक्लार्कांनी 'पाच वर्षं' हे शब्द वाचले आणि पुढचं काही वाचलंच नाही. कडक रंगाचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणला आणि शोकेसमध्ये ठेवला.

"अहो, बाबांनी एकदा असंच..." बायको सांगू लागली.

"अगं, बाबांचा काळ वेगळा. आता शास्त्र पुढे गेलंय," हेडक्लार्क म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

सुट्टी टाकून त्यांनी खरवडायला सुरुवात केली. एक गुडघा टेकवून, तोंडावर मास्क, हातात दातांच्या डॉक्टरांचं हत्यार. काठावरून जाणारे लोक थांबून पाहत आणि दवाखान्यातल्यासारखे हळू बोलत पुढे जात. पहिल्या दिवशी दीड हात जागा साफ झाली. दुसऱ्या दिवशी सुतार आला, ते हत्यार त्याने दोन बोटांत धरून बघितलं, बाजूला ठेवलं आणि हातात रुंद पातं दिलं. मग काम पळायला लागलं. तळाच्या रंगाचे थरावर थर निघत होते. सगळ्यात वर कसला तरी लाल, त्याखाली करडा, आणि खाली खोलवर एक गंमत. फटींमध्ये राहिलेल्या निळ्या ऑइलपेंटच्या खपल्या निघत, आणि त्या निळ्याच्या पोटात विटकरी लाल. हा निळा आपण कुठेतरी पाहिलाय, असं हेडक्लार्कांना वाटलं. पण तेवढ्यात पाठीत चमक भरली आणि विचार राहून गेला.

अर्धा तळ साफ झाला असेल, तेव्हा नदी कार्यालयाची नोटीस आली. काठावर नाव ठेवून रंगवायची तर परवाना लागतो. हेडक्लार्क खुशीत हसले. अर्ज, परवाना, नोटीस हे तर घरचंच मैदान. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना अर्ज परत केले होते. इस्त्रीचा शर्ट घालून ते कार्यालयात गेले. चौथ्या खिडकीत एक तरुण बाई बसल्या होत्या.

"अर्ज नाव पाण्यात असताना करायचा असतो," बाई म्हणाल्या. "आधी आमचा माणूस नाव पाण्यात बघणार, मग बाहेर काढायची परवानगी."

"पण नाव बाहेर काढलीय."

"मग पाण्यात टाका."

"अहो बाई, अर्धी खरवडलीय. मी स्वतः एका कार्यालयात हेडक्लार्क आहे."

"अरे वा," बाई मनापासून म्हणाल्या. "मग तुम्हाला नियम समजावून सांगायला नको."

आपलंच औषध दुसऱ्याच्या चमच्याने घेताना कसं लागतं, ते हेडक्लार्कांना त्या दिवशी कळलं. नाव पाण्यात गेली. तीन दिवस ती पाण्यात वाट बघत राहिली. चौथ्या दिवशी कार्यालयाचा माणूस आला, त्याने काठावरूनच 'नाव पाण्यात आहे' असं लिहून घेतलं आणि निघून गेला. नाव पुन्हा बाहेर आली. आठ दिवस वाळली. उरलेला अर्धा तळ खरवडून झाला. सुताराने भेगांत लांबी भरली, अस्तराचा हात दिला. हेडक्लार्क परवाना घ्यायला पुन्हा चौथ्या खिडकीपाशी.

"रंग कोणता?" बाईंनी विचारलं.

त्यांनी अभिमानाने डब्याचा फोटो दाखवला.

"कडक रंगाला या नदीत परवानगी नाही. यादीत फक्त मऊ."

हेडक्लार्कांनी वाद घातला नाही. यादीत नाही म्हणजे नाही, हे वाक्य त्यांनी स्वतः इतक्या लोकांना ऐकवलं होतं की उत्तर द्यायला तोंडच उघडेना. दुकानदाराने डबा कुरकुरत बदलून दिला आणि परवाना मिळाला. लाल डबा बघून सुतार मात्र खूश झाला. "हाच पाहिजे होता. याचं कसं असतं, हा हळूहळू झिजतो. नाव चालली की पाण्याबरोबर वरची साय निघून जाते. शेवाळाने धरलं तरी ज्याला धरलं तेच निघून जातं, मग ते टिकणार कुठे? झिजतो म्हणून तर काम करतो. नीट लागलाय की नाही ते बघायचं तर ओला अंगठा घासायचा. अंगठा लाल झाला की समजायचं, रंग जिवंत आहे."

हेडक्लार्कांच्या अंगावर सर्रकन काटा आला. "म्हणजे आपण लावायचा, आणि तो जाणार?"

"जाणारच."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. तरीही रंग त्यांनी लावला, आणि सांगतो, झकास लावला. फळीच्या दिशेने लांब लांब हात, कुठे ओघळ नाही, कुठे ठिपका नाही. दोन हात झाले. सुतार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, तुमचा हात चांगला आहे हो." एकतीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्कांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. नाव उन्हात लालचुटुक दिसत होती, आणि नेमकं तिथेच घात झाला. एखादी गोष्ट स्वतःच्या हाताने इतकी छान जमून यावी आणि ती रोज थोडी थोडी पाण्यात जावी, हे त्यांना काही केल्या पटेना. काम साधं असतं तर गेलं असतं पाण्यात!

"आता उद्याच पाण्यात टाका," असं बजावून सुतार गावाला गेला. हेडक्लार्क घरी आले, माळ्यावर चढले आणि कपाटाला पॉलिश केलं तेव्हा उरलेला वार्निशचा डबा घेऊन उतरले.

"अहो, ते कशाला?" बायकोने विचारलं.

"काही नाही. एक हात वरून. रंगाला जरा संरक्षण."

"अहो, ऐका तरी. बाबांनीही एकदा..."

"अगं, पारदर्शक आहे! कळणारसुद्धा नाही कुणाला." आणि ते चप्पल घालून गेलेसुद्धा.

तर अशा रीतीने, शेवाळ पाण्यात निसटावं म्हणून जो रंग झिजायचा होता, त्याला हेडक्लार्कांनी कव्हर घातलं. लाल रंग आत सुरक्षित राहिला. त्याला पाणी दिसलं नाही आणि पाण्यालाही तो दिसला नाही.

दोन दिवसांनी, वार्निश वाळल्यावर, नाव पाण्यात उतरवायचा समारंभ झाला. सासरे काठी टेकत आले. साडू आले, हातात मोजपट्टी. "किती कुंड्या बसतील त्याचा अंदाज घेऊन ठेवतो, वेळ जायला नको," ते म्हणाले. मेल्याने खरोखरच मोजलं. सासऱ्यांनी वाकून तळ पाहिला, अंगठा ओला केला, तळावर घासला आणि बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिले.

"चकाकतेय छान," ते म्हणाले.

"मी स्वतः रंगवलीय," हेडक्लार्क म्हणाले.

"हं," सासरे म्हणाले आणि अंगठा धोतराला पुसला. धोतर पांढरंच राहिलं.

पहिला महिना सुखाचा गेला. दर रविवारी नवराबायको नावेतून जात. बायको वल्हवे, हेडक्लार्क वल्ह्यांच्या मुठींना कापड गुंडाळून देत. ती पाण्यात असली की घरातल्यापेक्षा वेगळीच दिसे. मोठ्याने हसे, येणाऱ्याजाणाऱ्या नावांना हाका मारी. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "जड लागतेय का हो नाव?" ते म्हणाले, "वाढतं वय आहे." यावर ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच काठाशी वाकून पाण्यात हात घातला, आणि हाताला काय लागलं ते कुणालाही न सांगता रुमालाने पुसून टाकलं. सुतार अजून गावीच होता. नाव बाहेर काढायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा चौथी खिडकी, आणि वाढदिवस चार दिवसांवर. त्या चार दिवसांत हेडक्लार्कांचा जीव जेवढा टांगणीला लागला तेवढा बोर्डाच्या परीक्षेलाही लागला नव्हता. डोळे मिटले की त्यांना नावेत कुंड्या दिसत आणि कुंड्यांमागे बायकोचा तो उतरलेला चेहरा.

वाढदिवसाला ऊन लख्ख होतं. सासरे नावेच्या मागच्या फळीवर बसले, बायको पुढे, आणि वल्ह्यांवर हेडक्लार्क, कारण आज तेच शोभणार होतं. साडू काठावर उभे होते. त्यांनी माळीसुद्धा बोलावून ठेवला होता.

हेडक्लार्कांनी वल्ही मारली. नाव हलली. पुन्हा मारली. पुन्हा हलली, पण चालली असं काही म्हणता येईना. दहा मिनिटांनी काठावरून भाजीची पिशवी घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई चालत आल्या, नावेच्या बरोबरीने थोडा वेळ चालल्या, सासऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि पुढे निघून गेल्या. त्या मग दिसेनाशाही झाल्या. हेडक्लार्कांचा शर्ट पाठीला चिकटला, कान लाल झाले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. पूल जिथे होता तिथेच होता.

सासऱ्यांनी बाही वर सारली, हात पाण्यात घातला आणि तळाखालून ओढून काढला. हातात हातभर लांब हिरवी बट होती. ती त्यांनी फळीवर ठेवली.

"वरून काय लावलंत?" सासऱ्यांनी विचारलं.

हेडक्लार्कांनी वल्ही थांबवली. आता लपवायला उरलं काय होतं! "वार्निश," ते म्हणाले. "कपाटाचं. उरलेलं."

"मला वाटलंच. अंगठा कोरडा निघाला तेव्हाच."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत, बाबा?"

सासऱ्यांनी मान फिरवून पुलाकडे पाहिलं. पंचाऐंशी वर्षांचा माणूस, पण कानाच्या पाळ्या जावयासारख्याच लाल झाल्या होत्या. "काय बोलणार? माझं दाराचं होतं. निळं. तेही उरलेलंच."

हेडक्लार्कांच्या डोळ्यांसमोर निळ्या खपल्या आल्या, त्यांच्या पोटातला लाल आला, आणि सासऱ्यांच्या घराचं दारही आलं.

"इतका छान लागला होता हो लाल," सासरे हळूच म्हणाले. "तो पाण्यात जाणार म्हटल्यावर जीव तुटला."

"माझाही," हेडक्लार्क म्हणाले.

"अख्खी सुट्टी आम्ही दोघी बहिणी ते खरवडत होतो," पुढून बायको म्हणाली. "हेच सांगत होते मी. दोनदा सांगत होते."

इतक्यात काठावरून साडूंची हाक आली. "काय झालं? थांबलात का? नाव चालत नाही का?"

हेडक्लार्कांनी डोळे मिटले. सासऱ्यांनी हिरवी बट पाण्यात सोडून दिली, हात तोंडाशी धरला आणि साऱ्या नदीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "नाव उत्तम आहे! वल्हवणारा कच्चा आहे! कुंड्या दुसरीकडे ठेव!"

काठावरची माणसं हसली. माळीसुद्धा हसला. एकतीस वर्षांची अब्रू भर उन्हात पाण्यात गेली, आणि हेडक्लार्कांना आयुष्यात प्रथमच तिचं काही वाटलं नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा जागेवर होता.

"उठा आता तिथून," ती म्हणाली. त्यांनी जागा बदलली, तिने वल्ही घेतली, मुठींवरची कापडं सोडून टाकली आणि दात ओठ खात, मध्ये तीनदा थांबून, बापाला पुलापर्यंत नेऊन आणलं. दोन तास लागले. खाली शेवाळ, वर तीन माणसं, पण पूल गाठून झाला.

ते घरी आले तेव्हा हेडक्लार्कांच्या पँटीला चिखल होता, बाह्यांना हिरवे डाग होते, आणि अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. ते सरळ सोफ्यापाशी गेले. चादर ओढून काढली. कव्हरचे बंद सुटेनात, तेव्हा बायकोने येऊन सोडले. दोघं वाकून बघत राहिली.

हिरवा होता.

"सांगत होते मी," बायको म्हणाली, आणि ऐसपैस बसली.